वरच्या मजल्याच्या सळया

घरजावयानं काय वाटेल ते करावं! दुपारभर झुल्यात पडून घोरावं, सासूनं स्वतःसाठी भाजून ठेवलेली मिरची उचलून तोंडात टाकावी, जेवताना रेडिओ ढणाणा लावावा. मेलितॉनचं हे सगळं प्रिस्काबाईंनी आजवर पोटात घातलं होतं. पण त्या दिवशी सकाळी धुण्याची बादली घेऊन त्या गच्चीवर गेल्या आणि बघतात तर काय, सळयांवरच्या बाटल्या गायब! एकूण एक! सळया उघड्याबोडक्या आभाळाकडे तोंड करून उभ्या, आणि बाटल्या जिन्याच्या तोंडाशी ओळीनं मांडलेल्या!

“मेलितॉन!”

हाक अशी होती की नदीकाठचे बगळे उडाले.

मेलितॉन पलीकडच्या कोपऱ्यातून उठून आला. हातात तारेचा ब्रश. माणूस चांगला उंचापुरा, पण सासूपुढे उभा राहिला की चार बोटं बुटका व्हायचा.

“या, जावईबापू, या! बाटल्या कुणी काढल्या?”

“मीच काढल्या, सासूबाई. सळया जरा बघायच्या होत्या.”

“बघायच्या होत्या? का, त्यांना स्थळं यायला लागलीत?”

“गंजल्यात हो. बाटली वरच्या टोकाला, गंज खाली बुडाशी. गंजली की सळई फुगते, आणि फुगली की स्लॅबला चीर पाडते. ही बघा, माझं बोट आत जातंय.”

“बोट काढा तिथनं! माझ्या घरात बोटं घालायची नाहीत!”

आता या सळयांचं काय ते सांगायला हवं. त्या गावात तळमजला बांधून झाला की कॉलमच्या सळया वर तशाच सोडतात, पुढेमागे दुसरा मजला चढवायचा म्हणून. पावसानं गंजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या पालथ्या घालतात. प्रिस्काबाईंचा नवरा, अबुंदिओ, स्वतः गवंडी. स्लॅब त्यानंच ओतली. मुलगा निकान्द्रो तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा; उत्तरेला शिकागोला निघताना आईला म्हणाला होता, “खालचं घर तुमचं, वरचं माझं. सळया ठेवा, मी येऊन बांधतो.” पुढे अबुंदिओ गेला. बापाच्या मयतीलाही पोराला तिकडे राहायच्या परवान्याच्या कागदांपायी येता आलं नाही. पण सळया राहिल्या. दर शनिवारी प्रिस्काबाई वर जाऊन एकेक बाटली पदराइतक्या मऊ फडक्यानं पुसायच्या. खालच्या भांड्यांच्या नशिबी तेवढे लाड नव्हते!

“आणि नुसत्या सळया नाहीत,” मेलितॉन हळूच म्हणाला. मार खायची वेळ आली तरी वाक्य पुरं करायचं, ही त्याची खोड. “उन्हानं पाणी अडवणारा लाल रंगाचा थर भाजलेल्या मिरचीच्या सालीसारखा सुटलाय. मागच्या पन्हळीत कबुतरानं घरटं केलंय, पाणी जायला वाटच नाही. टाकी पाझरते. या चिरेत तर उंबराचं रोप आलंय, बघा.”

“येऊ दे. सावली होईल!”

“सासूबाई, पाऊस यायच्या आत सळया कापून, चिरा भरून, वर नवा थर द्यायला हवा. नाहीतर—”

कापून! तो शब्द प्रिस्काबाईंच्या कानात गेला आणि तिथेच अडकला. त्यांनी कमरेवर हात ठेवले. त्यांना सगळं कळलं. वरचा मजला झालाच नाही तर अख्खं घर कुणाचं? लेकीचं, लिब्राडाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं! अस्सं! गाय समजत होते, निघाला कोल्हा!

“जावईबापू, ही स्लॅब माझ्या नवऱ्यानं ओतलीय. हिच्यावर तळं भरलं तरी खाली थेंब यायचा नाही! बाटल्या घाला जागच्या जागी. आणि पुन्हा या गच्चीवर पाय ठेवलात तर तुमच्या डोक्यावर बाटली घालीन. भरलेली!”

मेलितॉननं मुकाट्यानं बाटल्या घातल्या. खाली आल्यावर मात्र तो बराच वेळ मागच्या अंगणात फोनवर कुणाशी तरी कुजबुजत होता. प्रिस्काबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, “बघ, तुझा नवरा वकील गाठतोय!”

“आई, त्याला न्हाव्याशी बोलायची भीती वाटते,” लिब्राडा म्हणाली. “वकील कुठला गाठतोय!”

दोन दिवसांनी शिकागोहून फोन आला. निकान्द्रोचा. कागद झाले होते. तीन मेला येतोय म्हणाला.

तीन मे! पवित्र क्रुसाचा दिवस, गवंडी-मेस्त्रींचा सण! ज्या घराचं बांधकाम चालू असेल त्या घरावर त्या दिवशी रंगीत कागदाच्या फुलांनी सजवलेला लाकडी क्रूस चढवायचा आणि मालकानं गवंड्यांना जेवू घालायचं. प्रिस्काबाईंच्या घराला कित्येक वर्षांत कुणी थापी लावली नव्हती. तरी दर तीन मेला त्या क्रूस चढवायच्या आणि जेवण घालायच्या. शेजारची ओतिलियाबाई विचारायची, “काय गं प्रिस्का, बांधकाम कुठवर आलं?” प्रिस्काबाई सांगायच्या, “चालू आहे!” आता नेमका त्याच दिवशी पोरगा येतोय! याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. वरचा मजला बांधायला येतोय!

“त्यानं तसं म्हटलं का?” लिब्राडानं विचारलं.

“सगळं म्हणावं लागतं का? आई आहे मी त्याची!”

“आई, त्याचा आवाज जरा—”

“आनंदानं भरून आला होता!”

मेलितॉननं मान खाली घातली. ताटातल्या घेवड्याकडे बघत राहिला. पापी माणसाला असंच गप्प बसावं लागतं, असं मनात म्हणून प्रिस्काबाईंनी त्याला भाकरीसारखी मक्याची तोर्तिया वाढायची टाळली.

तीन मेला उजाडतानाच त्या गच्चीवर गेल्या. रात्रभर पडल्या पडल्या त्यांनी बेत पक्का केला होता. तळं भरलं तरी थेंब यायचा नाही म्हणाले ना? मग भरूच तळं! दुपारी पंगत बसेल, निकान्द्रो बसेल, सणाला बोलावलेला सिरिलो मेस्त्री बसेल, आणि तो जावईही बसेल. तेव्हा वर बोट करून म्हणायचं, “या छतावर सकाळपासून पाणी भरलंय. दाखवा मला एक थेंब!” जावयाचं नाक तिथल्या तिथे कापलं जाईल!

मागची पन्हळ कबुतराच्या कृपेनं बंदच होती. रस्त्याकडच्या पन्हळीत त्यांनी अबुंदिओची जुनी पँट गुंडाळून ठोकून बसवली. मग विहिरीची मोटर लावली, टाकी भरून वाहू लागली, आणि कठड्याच्या आत पाणी पसरायला लागलं. दोन बोटं पाणी झालं की मोटर बंद करायची, असा हिशेब. पाण्यात आभाळ दिसत होतं, सळया दिसत होत्या, बाटल्या दिसत होत्या. प्रिस्काबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. इथे निकान्द्रोची खोली. इथे खिडकी, नदीच्या बाजूला. इथे शिकागोतल्या सुनेचा गॅस. नातींचे पलंग कुठे लावायचे यावरून तर त्यांचं मनातल्या मनात सुनेशी भांडणही होऊन गेलं होतं आणि त्या ते जिंकल्याही होत्या.

तेवढ्यात खालून लिब्राडा ओरडली, “आई! आला! आला!”

आणि प्रिस्काबाई धावल्या. गुडघे विसरल्या, चपला विसरल्या आणि मोटरही विसरल्या!

निकान्द्रो दारात उभा होता. पोट सुटलेला, कानाशी पांढरा झालेला, पांढराशुभ्र शर्ट घातलेला. प्रिस्काबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून डावीउजवीकडे वळवून पाहिला आणि मग त्याच्या हाताकडे पाहिलं. 

“एवढीच पिशवी?”

“एवढीच, आई.”

त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं, रस्ता रिकामा. पण लगेच त्यांनी स्वतःची समजूत घातली. सामान मागून ट्रकनं येत असेल! एवढा संसार माणूस खांद्यावर घेऊन येतो होय?

दुपारी सिरिलो मेस्त्री आला. अबुंदिओचा जुना जोडीदार, आता कानानं कमी. त्याच्यामागे चार गवंडी, फुलांनी सजवलेला क्रूस, फटाके आणि ओळखीतला एक तीन माणसांचा बँड. क्रूस जेवणानंतर वर चढवायचा असं प्रिस्काबाईंनी ठासून सांगितलं. आधी पंगत! बँडवाले बाहेर रस्त्यावर सावली बघून, म्हणजे नेमके पन्हळीखाली, उभे राहिले.

टेबलाच्या मधोमध मोलेचा मातीचा रांजण ठेवला होता. काळाभोर, दाट, तीळ भुरभुरलेला रस्सा आणि आत टर्की. वर छताचा पंखा गरगरत होता. उकाडा असा की मेणबत्त्या न पेटवताच वाकल्या होत्या. प्रिस्काबाई टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या.

“मंडळी! आज माझ्या घराचा वरचा मजला—”

“आई,” निकान्द्रो म्हणाला, “त्याच्याबद्दलच मला जरा बोलायचंय.”

“बोल की! सगळ्यांसमोर बोल!”

“सगळ्यांसमोर नको. आई, मी तिकडे—”

टप्. त्याच्या कपाळावर थेंब पडला.

निकान्द्रोनं वर पाहिलं. मेलितॉननं वर पाहिलं. प्रिस्काबाईंनी पाहिलं नाही.

“घाम आहे,” त्या म्हणाल्या. “जेवा.”

टप्. टप्. थेंब पंख्याच्या पात्यावर पडू लागले आणि पंखा इमानेइतबारे ते चारी दिशांना शिंपडू लागला. गवंड्यांच्या तोंडावर, तोर्तियांवर, लिब्राडाच्या नव्या केशरचनेवर. सिरिलो मेस्त्रीनं टोपी काढून डोळे मिटले आणि छातीवर क्रूस केला. त्याला वाटलं, पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडतायत!

“आई, छत गळतंय!” लिब्राडा ओरडली.

“गळत नाही! गारव्यासाठी केलंय. नवी पद्धत आहे!”

“सासूबाई,” मेलितॉन उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “वर पाणी सोडलंय का तुम्ही?”

“दोन बोटं!”

आणि त्याच क्षणी त्यांना मोटरची आठवण झाली. पंगत बसल्यापासून घर्र घर्र आवाज येतच होता. त्यांना वाटत होतं, बँडवाले तालीम करतायत.

पंख्यातून निळी ठिणगी उडाली. पंखा थांबला. छताच्या मध्यावर पोळ्याएवढा फुगा आला, करकरला, आणि गिलाव्याचा घमेलंभर ढपला सरळ मोलेच्या रांजणात! धप्प! निकान्द्रोचा पांढरा शर्ट कॉलरपासून पट्ट्यापर्यंत काळा झाला. टर्कीची तंगडी सिरिलो मेस्त्रीच्या मांडीवर येऊन पडली. त्यानं “धन्यवाद, वहिनी” म्हणून ती खायला घेतली.

मेलितॉन जिन्याकडे धावला. “पन्हळीत काय ठोकलंय?” त्याचा वरून आवाज आला.

“तुझे सासरे!” लिब्राडा खालून ओरडली. तिनं सकाळी आईला पँट नेताना पाहिलं होतं.

पुढचं रस्त्यावरच्यांनी पाहिलं. मेलितॉननं हिसका दिला. पन्हळीतून आधी पँट सुटली आणि तिच्यामागे सकाळपासून तुंबलेलं, उन्हानं तापलेलं पाणी! बँडवाला नुकता ट्युबाचा भलामोठा पितळी कर्णा तोंडाला लावून वाजवायला लागला होता. ट्युबाच्या तोंडात घागरभर पाणी गेलं आणि त्यातून जो आवाज निघाला तो आजवर कुठल्याही वाद्यातून निघाला नसेल. फटाके भिजले. कागदाची फुलं विरघळून दाराशी टेकवलेल्या क्रुसावरून लाल-निळे ओघळ वाहू लागले. आणि अबुंदिओची पँट, दोन्ही पाय पसरून, ट्युबाच्या भोंग्यावर जाऊन बसली.

ओतिलियाबाई आपल्या दारातच उभी होती. अशा वेळी ती कुठे जाणार!

“प्रिस्का,” ती म्हणाली, “बांधकाम अगदी जोरात चाललंय गं!”

  बाहेर आलेल्या प्रिस्काबाईंनी ट्युबावरची पँट उचलली, पिळली, खांद्यावर टाकली आणि त्या जिना चढून वर गेल्या.

गच्चीवर आता नुसता ओलावा उरला होता आणि उन्हात त्याची वाफ होत होती. मेलितॉन एका कोपऱ्यात उंबराचं रोप उपटत होता. मागोमाग निकान्द्रो आला, तसाच, मोलेनं माखलेला. त्यानं जवळच्या सळईवर हात ठेवला. हाताला गंजाचा जाडजूड पापुद्रा लागून आला. तो त्यानं तळहातावर चुरला.

“आई, सळया कापायला मीच सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“मेलितॉनला. त्यानं फोनवर सांगितलं, छताला चिरा पडल्यात, एखाद दिवशी आईच्या अंगावर येईल. मी म्हटलं, काप. तो म्हणाला, आईला काय सांगू? मी म्हटलं, गंजल्या म्हणून सांग. माझं नाव घेऊ नको.”

प्रिस्काबाईंनी मेलितॉनकडे पाहिलं. तो रोपाची मुळं झटकत होता. एवढी मुळं कधी कुणी झटकली नसतील.

“मग तू आलास कशाला?”

“मग त्या दिवशी फोनवर तो म्हणाला, मला नाही जमत. त्यांनी बाटल्या पुन्हा घालायला लावल्या, आणि मी घालत होतो तर बाजूला उभ्या राहून पुसून देत होत्या. आता तूच ये आणि तूच सांग.” निकान्द्रोनं तळहातावरचा गंज झटकला. “आई, तिकडे घर घेतलंय आम्ही. मुलींची शाळा तिकडेच आहे. बायकोचं सगळं तिकडेच. येत जाईन मी, आता कागद झालेत, दर वर्षी येईन. पण राहायला—”

“कळलं.”

“आई—”

“कळलं म्हटलं ना. बहिरा सिरिलो आहे, मी नाही.”

खाली गवंडी बोलत होते, कुणीतरी टेबल ओढत होतं. प्रिस्काबाई नदीच्या बाजूला, जिथे खिडकी यायची होती तिथे, जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी विचारलं,

“तुझ्या त्या घराला गच्ची आहे?”

“नाही. उतरतं छप्पर आहे. बर्फ पडतो ना.”

“मग कपडे कुठे वाळत घालता?”

“मशीन आहे, आई. मशीनमध्येच वाळतात.”

“मशीनमध्ये!” प्रिस्काबाई वळल्या. इतका वेळ कोरडे ठेवलेले त्यांचे डोळे आता भरून आले. “म्हणजे माझ्या नातींच्या फ्रॉकना ऊन माहीतच नाही!”

निकान्द्रोनं आईला जवळ घेतलं. प्रिस्काबाईंच्या चांगल्या झग्याला मोले लागलं. एरवी यावरून त्यांनी गाव गोळा केला असता.

मग डोळे पुसून, नाक शिंकरून, पँट खांद्यावर सारखी करून त्या जावयासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मेलितॉन सवयीनं चार बोटं बुटका झाला.

“जावईबापू,” प्रिस्काबाई म्हणाल्या, “तुम्ही एक नंबरचे खोटारडे आहात! इतके दिवस माझ्या शिव्या खाल्ल्यात, तोर्तिया वाढली नाही तरी गप्प बसलात, आणि खरं काय ते एकदाही तोंडातून काढलं नाहीत. असला माणूस घरात ठेवणं म्हणजे जिवाला ताप आहे. पण ठेवणार आहे मी! उद्या सकाळी यंत्र आणा आणि कापा सळया. सगळ्या कापा! फक्त जिन्याजवळची ती एक ठेवा. तोंड काय बघता? धुण्याची दोरी मी काय तुमच्या मानेला बांधू? आणि हे बघा, तिच्यावर बाटली घालायला विसरू नका!”